केरीच्या किनाऱ्यावर बघण्याचा कार्यक्रम

माझं लग्न ठरायच्या आधी मला बघायला बरेच जण येऊन गेले. मी तेव्हा तिशी ओलांडली होती आणि मुळगावच्या सरकारी मराठी शाळेत शिकवत होते. घर मयेला, तळ्यापासून थोडं आत. आईवडील गेलेले, घरात मोठा भाऊ आणि वहिनी. लहानपणी पोलिओ झाला, त्यात माझा डावा पाय बारीक आणि आखूड राहिला. डिचोलीच्या बाजारात एक चांभार होता, तो मला डाव्या पायासाठी जाड तळाची चप्पल करून द्यायचा. ती घातली की सपाट जमिनीवर मी बरी चालायचे. खांदा तेवढा कलायचा.

पाहुणे यायचे, चहा-पोहे व्हायचे, शाळेची चौकशी व्हायची. मग त्यांच्यातलं कोणीतरी, बहुतेक एखादी मावशी नाहीतर काका, गोड आवाजात म्हणायचे, बाये, जरा पाणी आणतेस? पाणी कशासाठी हवं आहे ते सगळ्यांना ठाऊक असायचं. मी उठायचे, स्वयंपाकघरापर्यंत जायचे, परत यायचे. तेवढ्या वेळात बोलणं थांबायचं आणि सगळ्यांच्या नजरा जमिनीवर यायच्या. पुढे पुढे मी पाण्याचा तांब्या आधीच मेजावर आणून ठेवायला लागले. वहिनीच्या ते लक्षात आलं. पुढच्या वेळी तिनं तांब्याबरोबर पेलेही मांडून ठेवले.

अशात भावाच्या ओळखीतल्या एकानं हळर्णचं स्थळ सुचवलं. गृहस्थ पेडण्याला शेतकी खात्याच्या कचेरीत नोकरीला होते. वय चाळिशीकडे झुकलेलं. वडील लवकर गेल्यामुळे दोन बहिणींची लग्नं करून देता देता यांचं राहून गेलं होतं. घरात ते आणि आई. माझ्या पायाचं त्यांना आधीच सांगितलं होतं. त्यांच्याकडून निरोप आला तो असा, की घरी बघायला यायची पद्धत त्यांना आवडत नाही. पेडण्याकडच्या केरीला समुद्रावर शिल्पांचं प्रदर्शन मांडलंय, उघड्यावरच आहे. रविवारी दोन्हीकडच्यांनी तिथेच यावं, सगळ्यांनी मिळून ते बघावं, बोलावं. पटलं तर पुढचं ठरवू.

दादाला हे अजिबात आवडलं नाही. मुलगी बघायला जत्रेत बोलावल्यासारखं झालं हे, असं तो म्हणाला. शिवाय त्यानं चौकशी केली होती. भाषेच्या आंदोलनात हे गृहस्थ कोकणीच्या बाजूचे होते, मोर्च्यातसुद्धा गेले होते. आमचं घर मराठीवालं. गोवा घटक राज्य होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती, कोकणी राजभाषा झाली होती, पण लोकांच्या मनातलं निवळलं नव्हतं. आमच्याच वाड्यावर दोन घरं अशी होती की चतुर्थीला एकमेकांकडे आरतीला जात नव्हती. वहिनी म्हणाली, आपल्याला भाषेशी लग्न लावायचं नाही. मीही जाऊया म्हणाले. खरं कारण एवढंच, की समुद्रावर मला कोणी पाणी आणायला सांगणार नव्हतं.

दादानं मित्राची जीप मागून आणली. अस्नोड्यावरून कोलवाळचा पूल ओलांडून, धारगळ आणि पेडणं मागे टाकून आम्ही केरीला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. वहिनीनं मला बळेच मोतिया रंगाची साडी नेसवली होती. सुरूच्या बनात गाड्या लावलेल्या होत्या, बरेच लोक आले होते. गोव्यातल्या आणि बाहेरच्या शिल्पकारांनी तिथेच राहून ती कामं केली होती, असं कळलं. बनापासून थेट टोकाच्या काळ्या खडकांपर्यंत, लांब लांब अंतरावर, समुद्राच्या कडेनं ती मांडलेली होती. तिकीट नव्हतं, दोरी नव्हती.

ते गृहस्थ आमची वाट बघत उभे होते. सडपातळ, कपाळावरचे केस मागे गेलेले, पांढरा शर्ट नीट खोचलेला. बरोबर त्यांची आई, काष्टा नेसलेली, हातात केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी. त्यांनी नमस्कार केला आणि पहिलं वाक्य बोलले ते दादाशी. इतक्या लांब बोलावलं म्हणून राग मानू नका, म्हणाले. दादा नुसता हसल्यासारखं करून राहिला.

पहिलं शिल्प बनातच होतं, चिऱ्याच्या दगडाची म्हैस. अर्धी जमिनीत आणि अर्धी वर, जणू चिखलातून उठते आहे. तिच्या पाठीवर मुलं चढून बसली होती. तिथे सुरूच्या काड्या पडून जमीन घट्ट झालेली, त्यामुळे मी आरामात उभी राहिले. त्यांची आई म्हशीच्या शिंगावरून हात फिरवून म्हणाली की दूध देणारी दिसत नाही. वहिनी हसली. सगळं बरं चाललं होतं.

मग ते म्हणाले, चला, बाकीची तिकडे आहेत, आणि पुढे निघाले.

बन संपलं आणि वाळू लागली. त्या वेळी भरती होती. पाणी पार वर आलेलं आणि चालायला राहिली होती ती नुसती कोरडी, भुसभुशीत वाळू. माझ्या चपलेचा जाड तळ त्या वाळूत रुतला. उपसून पुढे टाकला तर तो वळला. चप्पल काढावी तर पाय आखूड, मग तर चालताच येणार नाही. मी पाचसहा पावलं कशीबशी टाकली. आजूबाजूला लोक होते, मुलं धावत होती. थांबा म्हणायची मला लाज वाटली. पुढच्या पावलाला तोल गेला आणि मी गुडघ्यांवर पडले, साडीसकट, सगळ्यांसमोर.

ते बरेच पुढे गेले होते. मागे वळले आणि त्यांनी मला तशी पाहिली. तो चेहरा मला अजून आठवतो. धावत आले, पण जवळ येऊन तसेच उभे राहिले. हात द्यावा की देऊ नये, ते त्यांना कळेना. परक्या बाईला असा हात देण्याचे ते दिवस नव्हते. त्यांची आईच भराभर पुढे आली, माझ्या काखेत हात घालून तिनं मला उठवलं आणि साडीवरची वाळू झटकायला लागली.

"पायाक लागला काय गो बाये?" तिनं विचारलं. मी नाही म्हटलं. तिनं लेकाकडे एकदाच बघितलं, पण ते बघणं पुरेसं होतं.

दादा जीपकडे निघून गेला. आम्ही बनाच्या कडेला एका आडव्या पडलेल्या सुरूच्या खोडावर बसलो. त्यांच्या आईनं केळीचं पान सोडलं. आत तवशाचं धोणस होतं. मोठ्या पिकल्या काकडीचा तो गोड पदार्थ माझ्या आजीनंतर मी खाल्लाच नव्हता. ती आणि वहिनी तवशी माळ्यावर किती महिने टिकतात त्यावर बोलायला लागल्या आणि बोलता बोलता जरा पलीकडे सरकल्या.

ते माझ्यापासून थोड्या अंतरावर बसले.

"माझ्या लक्षातच आलं नाही," ते म्हणाले.

असू दे, मी म्हटलं. मग त्यांनी सांगितलं की बहिणींना बघायला लोक यायचे तेव्हा खुर्च्या मांडायचं काम त्यांच्याकडे असायचं. धाकटीला एकानं सुईत दोरा ओवायला लावला होता, डोळे बघायला म्हणून. ते तिथेच भिंतीला टेकून उभे होते आणि काही बोलू शकले नव्हते. तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं की आपण कोणाच्या घरी असं जाऊन बसायचं नाही. मग मीही त्यांना पाण्याच्या तांब्याचं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे, वहिनीखेरीज ते कोणालाच माहीत नव्हतं. त्यांनी मान खाली घातली.

टोकाच्या खडकांकडून परतणारे लोक आमच्यासमोरून जात होते. जो तो म्हणत होता, शेवटचं बघाच. त्यांनी एकाला विचारलं, शेवटी काय आहे? तो माणूस सांगायला लागला, तर मी म्हटलं, सांगू नका, कधीतरी बघेन मी. तेवढ्यात जीपचा हॉर्न वाजला.

वाटेत दादा म्हणाला की हा विषय संपला. पाय कसा आहे हे त्यांना माहीत होतं आणि तरीही वाळूत चालवलं. याचा अर्थ काय? पाणी आणायला सांगणारे परवडले, निदान ते घरातल्या घरात चालवतात. वहिनी म्हणाली, तो माणूस तसा वाटला नाही. दादा म्हणाला, तसे कोणीच वाटत नाहीत. मला त्या खोडावरचं बोलणं आठवत होतं आणि पडतानाचंही आठवत होतं. दुसऱ्याच दिवशी दादानं नकाराचा निरोप पाठवला.

त्यानंतर आठवडा उलटून गेला. एके दिवशी शाळेत मधली सुट्टी झाली होती. मी वर्गातच वह्या तपासत होते. शिपाई सांगायला आला की कोणी गृहस्थ आलेत, पेडण्याहून. मी बाहेर आले तर ते व्हरांड्यात उभे. बसमधून उतरून थांब्यापासून उन्हातून चालत आलेले, शर्ट घामानं भिजलेला. मी आतून खुर्ची आणायला वळले, तर ते नको म्हणाले.

"तुमच्या दादांचा निरोप मिळाला. तो मला मान्य आहे. लग्नाचं विचारायला मी आलो नाही," ते म्हणाले.

मग काय, असं मी विचारलं नाही, पण माझ्या चेहऱ्यावर ते असणार.

"ओहोटी असली की पाण्याजवळची वाळू घट्ट होते. मी रविवारी जाऊन चालून बघितलं. एकाच पायात चप्पल घालून, दुसरा अनवाणी. थेट खडकांपर्यंत जाता येतं."

त्यांनी पुढे सगळं सांगितलं. केरीला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं, ओढणाऱ्यांना त्यांनी विचारलं होतं. येत्या रविवारी सकाळी दहाच्या आसपास पाणी पार खाली जाईल. प्रदर्शन त्याच दिवशी संध्याकाळी उठणार. तेव्हा घरच्यांना घेऊन त्या वेळेला जा, म्हणाले. मी येणार नाही, त्यामुळे अवघडायचं कारण नाही. एवढं बोलून त्यांनी नमस्कार केला आणि परत निघाले. मी पाणी तरी घ्या म्हणायला हवं होतं. ते फाटकाबाहेर गेल्यावर मला सुचलं.

त्या संध्याकाळी मी दादाला म्हटलं, मला केरीची राहिलेली शिल्पं बघायची आहेत. तो म्हणाला, परत त्या वाळूत? मग मी त्याला सगळं सांगितलं, शाळेत कोण आलं आणि काय म्हणालं ते. तो ऐकत होता.

"एका पायात चप्पल घालून?" त्यानं विचारलं.

"हो."

तो उठून अंगणात गेला. मग सायकल काढून कुठेतरी गेला. मला वाटलं, जीप मागायला गेला असेल. जीप त्यानं मागितलीच, पण हळर्णलाही निरोप पाठवला. ते त्यानं मला सांगितलं नाही, वहिनीला सांगितलं. वहिनीनं ते रविवारपर्यंत पोटात ठेवलं, ही तिच्या दृष्टीनं फार मोठी गोष्ट होती.

रविवारी आम्ही केरीला पोचलो तेव्हा किनारा ओळखू येईना. पाणी इतकं मागे गेलं होतं की पलीकडचा तेरेखोलचा किल्ला जवळ आल्यासारखा वाटत होता. ओली वाळू शेणानं सारवलेल्या अंगणासारखी लांबवर पसरलेली. आणि म्हशीपाशी ते आणि त्यांची आई उभे होते. मी दादाकडे बघितलं. तो मुद्दाम दुसरीकडे बघत होता.

बनापासून ओल्या वाळूपर्यंतचा कोरडा पट्टा वहिनीचा आणि त्यांच्या आईचा हात धरून मी ओलांडला. पुढे हात सोडले. माझी चप्पल रुतली नाही. मागे वळून बघितलं तर एक पाऊल हलकं आणि एक चौकोनी ठाशीव, असे ठसे उमटले होते. मी माझ्या चालीनं चालत राहिले. ते या वेळी पुढे गेले नाहीत, बाजूला चालत होते.

टिपर ट्रकच्या पाट्यांचा, म्हणजे स्प्रिंगांच्या जाड लोखंडी पट्ट्यांचा, एक प्रचंड मासा केलेला होता. दादा खाणीच्या कचेरीत होता, रोज तेच ट्रक बघायचा. तो त्या माशाभोवती फिरला, एका पाट्यावर टिचकी मारून बघितली आणि तिथून हलेचना. पुढे एक जुनी होडी उभी करून ठेवली होती आणि तिला खाली दार कापलं होतं. त्यातून वाकून आत गेलं की वर नुसतं आभाळ. त्यांच्या आईला आत जायचं होतं, वहिनी तिला घेऊन गेली आणि दोघी आतून एकमेकींशी बोलत राहिल्या. मग सिमेंटच्या बायका होत्या, समुद्राकडे पाठ करून ओळीनं बसलेल्या. त्यांतल्या एकीचा चेहरा मला माझ्या आईसारखा वाटला. मी ते त्यांना सांगितलं. त्यांनी आईचं विचारलं, ती काय करायची, कशी गेली. त्या बायकांसमोर आम्ही इतका वेळ थांबलो की बाकीचे मागून येऊन पुन्हा मागेच रेंगाळले. ते मुद्दाम असावं, असं आता वाटतं.

म्हणून खडकांपाशी आम्ही दोघंच पोचलो.

शेवटचं शिल्प काळ्या दगडाची खाट होती. मोठी, दोघांना पुरेल अशी. तिच्यावर दगडातच चुरगळलेली चादर कोरलेली, पायथ्याशी ढकललेली, जणू कोणीतरी आत्ताच उठून गेलंय. उशीला डोकं टेकल्याचा खळगा. भरतीच्या वेळी लाटांचं पाणी तिच्यावर उडत असणार, कारण त्या खळग्यात पाणी साचलं होतं.

पहिल्यांदा भेटलेल्यांसारखे आम्ही दोघं त्या खाटेसमोर उभे राहिलो. ते समुद्राकडे बघायला लागले आणि मी माझ्या चपलेकडे. काय बोलायचं? छान आहे म्हणायचीही सोय नव्हती. तेवढ्यात उशीच्या खळग्यातलं पाणी हललं. आत एक छोटी कुर्ली, खेकड्याची मादी, होती, पाय पोटाशी घेऊन बसलेली.

"आपल्याआधी ही येऊन निजली," ते म्हणाले आणि बोलल्याबरोबर कानापर्यंत लाल झाले.

मला हसू आलं. दाबायला गेले तर जास्तच आलं. इतक्या वर्षांत बघण्याच्या कार्यक्रमात मी कधी हसले नव्हते. मग तेही हसले, आणि हसणं ओसरल्यावर मला एकाएकी काहीही विचारता येईल असं वाटलं.

मी म्हटलं, मी मराठी शिकवते, ते सोडणार नाही. ते म्हणाले, मग घरात दोन पेपर घ्यावे लागतील.

"आणि मी हळू चालते," मी म्हटलं.

"माहीत आहे. मलाही तेवढंच जमलं," ते म्हणाले.

तोवर बाकीचे आले. त्यांच्या आईनं खाट बघितली, आम्हा दोघांचे चेहरे बघितले आणि पदर तोंडाला लावून वहिनीकडे वळली. दादानं खाटेचा दगड कुठला असेल ते विचारलं. ते दोघं मग दगडांवर, खाणींवर आणि तिथून काजूच्या कलमांवर बोलत बोलत परतले. आंदोलनाचा विषय निघाला नाही. तो पुढे निघाला, बरेचदा निघाला, पण तोपर्यंत नातं झालेलं होतं.

वैशाखात आमचं लग्न झालं, मयेच्या देवळात, मोजक्या माणसांत. वर्षभरानं माझी बदली पेडण्याकडच्या शाळेत झाली. हळर्णला किल्ल्याच्या पडक्या तटाखाली आमचं घर आहे. तिथे खरोखरच दोन पेपर येत. सकाळी आधी माझा मराठी पेपर हे वाचून काढत आणि मग मला त्यातल्या चुका दाखवत. मुलीला शाळेत घालताना माध्यमावरून आमच्यात बरेच दिवस धुसफूस चालली. शेवटी सासूबाईंनी निकाल दिला की जी शाळा जवळ ती शाळा, आणि जवळची मराठी निघाली. ते त्यांना आधीच माहीत होतं की नाही, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. चांगल्या पिकल्या वयात, अंगणात बसून आमसुलं वाळत घालत असताना त्या गेल्या.

दादा मात्र बदलला. लग्नाआधी पेडण्याचं नाव काढू न देणारा माणूस दर महिन्याला हळर्णला यायला लागला. बहिणीला बघायला आलो असं सरळ म्हणणं त्याला जमत नसे, म्हणून तो कलमांचं निमित्त काढायचा. ह्यांच्या कचेरीतून रीतसर काजूची, माडाची, सुपारीची रोपं घ्यायचा, आमच्याकडे जेवायचा आणि ती मयेला घेऊन जायचा. आमच्या मयेच्या घराला परस तेवढा लहानसा. दोनतीन पावसाळे गेल्यावर वहिनीनं मला कळवळून विचारलं होतं, की तू जरा दादाला सांगशील का, तू तिकडे सुखात आहेस म्हणून, कारण आता माझ्या कपडे वाळत घालायच्या जागेवरसुद्धा काजू आला आहे.